चार घरं, शेवटी ‘रणी’: शब्दकोड्यात नेमक्या अक्षरांचा शब्द कसा शोधायचा

शब्दकोडं सोडवायला बसलेला नवा माणूस बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडतो. सूचना समजते, अर्थही कळतो, पण घरं चार असतात आणि मनात आलेला शब्द तीन अक्षरांचा असतो. कधी शब्द बरोबर चार अक्षरांचा सापडतो, पण उभ्या ओळीतून आलेलं ‘ग’ त्यात कुठंच बसत नाही. मग पेन्सिल खाली ठेवली जाते आणि ‘आपल्याला नाही जमत’ असं म्हणून पान उलटलं जातं.

आमच्या गावच्या वाचनालयात पेपर आला की कोड्याच्या पानाभोवती माणसं जमतात. काही वर्षं मी ही कोडी सोडवली, आता शाळेतल्या मुलांसाठी तयारही करते. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. गावातल्या माणसाकडे शब्द भरपूर असतात. ते लांबीप्रमाणे आणि अक्षराप्रमाणे कसे चाळायचे, हे मात्र त्याला कुणी दाखवलेलं नसतं. तेवढंच इथं सांगते आहे.

जवळ काय ठेवाल

- शिसपेन्सिल आणि खोडरबर. पेननं कोडं सुरू करू नका, पहिल्या चुकीनंतर घर वाचता येत नाही.
- एक दोनशे पानी वही. ती कशाला, ते सहाव्या पायरीत येईल.
- बाराखडीचा तक्ता. मोठ्या माणसांनीही समोर ठेवावा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.
- एखादा मराठी शब्दकोश, छापील किंवा फोनवरचा.
- फोनमध्ये मराठी कीबोर्ड. बोलून लिहिण्यावर विसंबू नका, तो ऱ्हस्व-दीर्घ स्वतःच्या मनानं ठरवतो.

१. घरं मराठीच्या हिशेबानं मोजा

कोड्यातलं एक घर म्हणजे एक अक्षर. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, विसर्ग हे सगळं त्या अक्षराच्या अंगावरच असतं, त्यांना वेगळं घर मिळत नाही. जोडाक्षर कितीही लांब असलं तरी घर एकच. रफार ज्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, त्याच अक्षराच्या घरात जातो. म्हणून ‘वर्धा’ दोन अक्षरी: व, र्धा. ‘स्वातंत्र्य’ लिहायला एवढं लांब, पण घरं तीनच: स्वा, तं, त्र्य. ‘दुःख’ दोन घरांत मावतं, ‘अंतःकरण’ला पाच लागतात.

हात बसण्यासाठी विदर्भाचे अकरा जिल्हे मोजून बघा. दोन अक्षरी एकच, वर्धा. तीन अक्षरी चार: अकोला, वाशीम, भंडारा, गोंदिया. चार अक्षरी तीन: नागपूर, चंद्रपूर, बुलढाणा. पाच अक्षरी तीन: अमरावती, यवतमाळ, गडचिरोली. नवीन माणूस इथं दोन ठिकाणी हमखास फसतो. तो ‘चंद्रपूर’ची पाच घरं मोजतो, कारण ‘द्र’ त्याला द आणि र असा दिसतो. आणि ‘गोंदिया’ची चार मोजतो, कारण अनुस्वाराचा ‘न’ कानाला वेगळा ऐकू येतो. मुलांना मी बोटावर टाळी देत मोजायला लावते, एका अक्षराला एक टाळी. दोन-चार दिवसांत डोळ्यांनीच मोजता येऊ लागतं.

या मोजणीमुळे मराठी कोड्यांची ठेवणच वेगळी होते. इंग्रजीत प्रत्येक व्यंजनाला आणि स्वराला स्वतंत्र घर असल्यामुळे सात-आठ घरांचे शब्द सर्रास दिसतात. आपल्याकडे दोन, तीन आणि चार अक्षरी शब्दांवरच बहुतेक जाळं उभं असतं. तेव्हा तयारीही याच लांबीच्या शब्दांची करा. सहा अक्षरी शब्दांची यादी पाठ करण्यात वेळ घालवू नका.

२. तुमच्या कोड्याचा नियम ओळखा

आडवा आणि उभा शब्द ज्या घरात भेटतात, तिथं काना-मात्रासकट अक्षर जुळलं पाहिजे की नुसतं व्यंजन जुळलं तरी चालतं? बहुतेक ठिकाणी काना-मात्रासकटच जुळावं लागतं. पण काही कोडी बनवणारे ऱ्हस्व-दीर्घाकडे काणाडोळा करतात. कालच्या कोड्याचं उत्तर आजच्या अंकात छापलेलं असेल तर ते घ्या आणि दोन शब्द भेटतात ती चार-पाच घरं तपासा. पाच मिनिटांत नियम कळतो.

३. सूचनेवरून शब्दाची जात ठरवा

शब्द शोधायच्या आधी त्याची शेपटी शोधा. सूचना क्रियेची असेल, म्हणजे ‘कापूस गोळा करणे’ अशी, तर शेवटच्या घरात ‘णे’ पेन्सिलीनं फिकट लिहून टाका. उत्तर ‘वेचणे’. सूचनेत ‘काम’ किंवा ‘क्रिया’ असं नाम असेल तर शेवटी ‘णी’ येण्याची शक्यता मोठी, म्हणजे वेचणी, मळणी, रोवणी. माणसाचा धंदा किंवा स्वभाव विचारला असेल तर दार, कार, करी, खोर, वान, आळू हे शेवट मनात फिरवा. नकार असेल तर सुरुवात बघा: अ, बे, ना, गैर, बिन. ‘काळजी नसलेला’, चार घरं, पहिलं ‘बे’, म्हणजे बेफिकीर.

सूचना अनेकवचनी तर उत्तर अनेकवचनी. यातला बारीक धोका असा की घरं तेवढीच राहतात, पण मधलं अक्षर बदलतं. ‘विहीर’ तीन अक्षरी, ‘विहिरी’ही तीन अक्षरी, पण मधलं ‘ही’ ऱ्हस्व होऊन ‘हि’ झालं. उभ्या शब्दातून ‘हि’ आलं असेल तर ते चुकलं असं समजून खोडू नका, सूचना पुन्हा वाचा.

आणखी एक. आपण बोलताना केळं, डोकं, संत्रं म्हणतो आणि मीही हा लेख तसाच लिहिते आहे. कोड्यात मात्र बहुतेक वेळा केळे, डोके, संत्रे असं एकारान्त रूप असतं. शेवटचं घर अडलं तर आधी हा बदल करून बघा.

४. रिकाम्या घरावर बाराखडी फिरवा

सगळ्यात जास्त उपयोगाची पायरी हीच, म्हणून ती नीट समजून घ्या.

समजा तीन घरं आहेत आणि शेवटची दोन ‘रणी’ अशी भरली आहेत. पहिलं घर रिकामं. डोक्याला ताण देऊन शब्द आठवत बसू नका. तीन फेऱ्या करा. पहिल्या फेरीत क पासून नुसती व्यंजनं लावा: करणी, धरणी, बरणी, भरणी. दुसऱ्या फेरीत त्याच व्यंजनांवर काना, मात्रा, वेलांटी चढवा: पेरणी, सारणी. तिसऱ्या फेरीत जोडाक्षरं: स्मरणी, म्हणजे जपमाळ. तिसरी फेरी लोक विसरतात आणि अवघड उत्तर नेमकं तिथंच दडलेलं असतं. मोठ्यानं म्हणत फेरी करा. ओळखीचा शब्द आला की कान आपोआप थांबतो.

आता घरं चार घ्या आणि सूचना ‘शेतीचं एक काम’ अशी. शेवटी तेच ‘रणी’. इथं शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला चार उत्तरं एकदम सुचतील: नांगरणी, वखरणी, डवरणी, फवारणी. चारही बरोबर बसतात. मग दोन गोष्टींवर निवाडा होतो. एक म्हणजे दुसरं घर. तिथं अनुक्रमे ग, ख, व, वा आहे, त्यामुळे तिथून जाणारा उभा शब्द आधी सोडवा. दुसरी म्हणजे सूचनेतला बारकावा. ‘पेरणीआधी ढेकळं फोडण्याचं काम’ म्हटलं तर वखरणी, ‘उभ्या पिकाच्या ओळींमधली मशागत’ म्हटलं तर डवरणी. हा फरक वावरात राबलेल्या माणसाला शिकवावा लागत नाही. तुमच्याकडे असलेलं हे ज्ञान कोड्यात वापरा.

नद्यांचं एक उदाहरण. चार घरं, शेवटची तीन ‘न गं गा’. वैनगंगा की पैनगंगा? अक्षरांवरून निकाल लागणारच नाही. सूचनेत बुलढाणा किंवा यवतमाळ असेल तर पैनगंगा, भंडारा किंवा गोंदिया असेल तर वैनगंगा. सूचनेत जागेचं नाव नसेल तर पहिलं घर कोरं ठेवून पुढं जा. अर्धवट भरलेलं घरही खूप काम करतं. हातात तीन अक्षरं पक्की आहेत, त्यांवरून उभे शब्द सुटतील.

पहिलं अक्षर माहीत आणि शेवट अज्ञात, अशी वेळ आली तर उलटी फेरी नका करू. तिथं कोश कामाला येतो, तो पाचव्या पायरीत आहे. मधलंच एक अक्षर माहीत असेल तर जोडाक्षराला आधी पकडा. दुसरं ‘स्त’, शेवटचं ‘र’, घरं चार. ‘स्त’ पोटात असलेले शब्द मराठीत मोजकेच असल्यामुळे चाळणी पटकन होते आणि ‘कास्तकार’ वर येतो. ‘हस्ताक्षर’ही चार अक्षरी आणि शेवटी ‘र’ आहे, पण त्यात ‘स्ता’ आहे, ‘स्त’ नाही. दुसऱ्या पायरीतला नियम इथं लागतो.

एकाच वस्तूला दोन शब्द सुचले तर घरं सांगतात कुठला घ्यायचा. कोडी बनवणारा बहुधा पुण्या-मुंबईकडचा शब्द धरून चालतो. आपण विदर्भात ‘सांबार’ म्हणतो, त्याला हवी असते ‘कोथिंबीर’: तीन घरं असतील तर आपला, चार असतील तर त्याचा. ‘वावर’ तीन, ‘शेत’ दोन. पण ‘पऱ्हाटी’ आणि ‘कपाशी’ दोन्ही तीन अक्षरी, ‘धुरा’ आणि ‘बांध’ दोन्ही दोन अक्षरी. तिथं मोजून भागत नाही, आडव्या-उभ्याची साक्ष काढावी लागते. वऱ्हाडीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो, डोया, पोयी, केयी. बोलायला ते गोडच आहे, ते सोडू नका. कोड्याच्या घरात मात्र ‘ळ’ लिहा, नाहीतर त्या घरातून जाणारा दुसरा शब्द बिघडेल.

५. कोश उघडा, पण त्याचं लेखन ओळखून

छापील कोश पहिल्या अक्षरावरून लावलेला असतो. म्हणून पहिली एक-दोन अक्षरं हातात असतील तरच तो उघडा. शेवटचं अक्षर घेऊन कोश चाळणं म्हणजे गंजीत सुई शोधणं.

गावच्या ‘ड’ वर्गातल्या, म्हणजे सरकारी दर्जात सगळ्यात लहान वाचनालयात मोठा कोश असेलच असं नाही. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ग्रंथालयात विचारा. तिथंही सोय नसेल तर फोन आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती १८३१, वाढवलेली दुसरी १८५७) आणि दाते-कर्वे मंडळींचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (सात विभाग, १९३२ ते १९३८) हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत बघता येतात.

अडचण अशी की हे कोश जुन्या लेखनात आहेत. आज आपण जे शुद्धलेखन पाळतो, त्याचे नियम साहित्य महामंडळानं १९६२ साली ठरवले आणि १९७२ साली त्यांत भर पडली. त्याआधी न उच्चारले जाणारे अनुस्वारही लिहीत. त्यामुळे ‘करणे’ शोधून काही मिळालं नाही तर ‘करणें’ शोधा. ‘नाव’ऐवजी ‘नांव’, ‘कवी’ऐवजी ‘कवि’, ‘गुरू’ऐवजी ‘गुरु’. शब्द सापडला की घरात लिहिताना आजच्या लेखनात लिहा. अनुस्वार गेला तरी घरांची संख्या बदलत नाही.

शब्दांचा क्रमही प्रत्येक कोशात थोडा वेगळा असतो. काही कोशांत ‘क्ष’ हा ‘क’मध्येच धरलेला असतो, काहींत शेवटी. अनुस्वाराच्या शब्दांचंही तसंच. सुरुवातीची सूचनांची पानं वाचून घ्या, नाहीतर असलेला शब्द ‘नाही’ म्हणून सोडून द्याल. वऱ्हाडी आणि झाडीबोलीचे स्वतंत्र कोशही निघालेले आहेत. तुमच्या ग्रंथालयात असतील तर अवश्य चाळा.

६. शेवटच्या अक्षराची वही करा

कोश पहिल्या अक्षरावर चालतो, म्हणून तुमची वही शेवटच्या अक्षरावर चालवा. णी, णे, ता, र, ळ, ई, पणा असे शेवट घेऊन प्रत्येकाला दोन-तीन पानं द्या. पानावर तीन उभे रकाने पाडा: दोन अक्षरी, तीन अक्षरी, चार अक्षरी. रोजच्या कोड्यात जो शब्द अडला तो उत्तर कळल्यावर योग्य पानात, योग्य रकान्यात टाका. सोपे, सहज सुचलेले शब्द लिहू नका, वही उगाच फुगते.

मुलांबरोबर वही भरायची असेल तर विषय घ्या: गावातली झाडं, अवजारं, सण, नद्या, पाखरं. घरातल्या आजीला विचारायला लावा. तिच्या तोंडून असे शब्द येतात की कोशातही पटकन हाती लागत नाहीत. वीज गेली, रेंज गेली तरी ही वही चालते.

७. यादी मोठी झाली की फोनवर किंवा संगणकावर

शब्द पाच-सहाशेच्या पुढं गेले की गूगल शीटमध्ये टाका. चार रकाने पुरेत: शब्द, अक्षरसंख्या, पहिलं अक्षर, शेवटचं अक्षर. मग ‘संख्या ४, शेवट णी’ अशी चाळणी लावली की यादी समोर.

अक्षरसंख्या मात्र संगणकाला थेट विचारू नका. तो लिपीतली चिन्हं मोजतो. ‘शब्द’ आपल्याला दोन अक्षरी, त्याच्या लेखी श, ब, हलन्ताचं (पाय मोडल्याचं) चिन्ह आणि द अशी चार चिन्हं. ‘स्वातंत्र्य’ची तर अकरा. शब्दांची लांबी मोजून देणारी जी आयती साधनं जालावर असतात, त्यांतली बरीच इथंच चुकतात.

त्यावर उपाय सोपा आहे. शब्दांचा रकाना शेजारी तसाच्या तसा उतरवा. ‘शोधा आणि बदला’च्या खिडकीत रेग्युलर एक्सप्रेशनचा, म्हणजे अक्षरांचा नमुना देऊन शोधण्याचा पर्याय चालू करा आणि या नकलेतून दोन गोष्टी काढून टाका, म्हणजे त्यांच्या जागी काहीच लिहू नका:

- ्[क-ह] म्हणजे हलन्ताचं चिन्ह आणि त्याला लागून येणारं व्यंजन
- [ँ-ः] आणि [ा-ौ] म्हणजे चंद्रबिंदू, अनुस्वार, विसर्ग आणि सगळे काने-मात्रे

जे उरतं त्याची लांबी मोजली की ती तुमची अक्षरसंख्या. ‘शब्दकोडे’मधून श, ब, क, ड उरतात, म्हणजे चार. संगणकाच्या क्रमात ळ आणि ऱ हे ‘क ते ह’च्या आतच येतात, ते वेगळे लिहावे लागत नाहीत. सगळ्या यादीवर करण्याआधी पाच ओळखीच्या शब्दांवर करून खात्री करा. वरचे जिल्हे त्यासाठी उत्तम.

दोन खोड्या अशा आहेत की त्या डोळ्यांना दिसत नाहीत. ‘पऱ्हाटी’, ‘दऱ्या’ यांतला ऱ दोन तऱ्हांनी टंकला जातो. एक नुक्ता (अक्षराखालचं टिंब) असलेला ऱ घेऊन, आणि दुसरा साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. दोन्ही दिसायला सारखेच, पण एक शोधला तर दुसरा सापडत नाही आणि दुसऱ्या पद्धतीत अक्षरसंख्याही चुकते. तसंच ‘ॲ’चं: ते एकच चिन्ह म्हणूनही येतं आणि अ वर अर्धचंद्र देऊनही. यादीत एकच पद्धत ठेवा. दुसऱ्यांनी टंकलेली यादी घेतली तर आधी हे एकसारखं करून घ्या.

‘शब्दात अमुक अक्षर आहे’ अशी चाळणी लावतानाही जपा. ‘क’ असलेले शब्द मागितले की का, की, क्र, क्ष असलेले सगळे येतात. तेवढं शेवटी डोळ्यांनीच वेचावं लागतं.

८. अक्षरं दिलेली, क्रम मोकळा

शाळांच्या स्पर्धांत हा प्रकार जास्त. एक मोठा शब्द देतात आणि त्यातल्या अक्षरांपासून छोटे शब्द करायला सांगतात. ‘गडचिरोली’ घ्या: गड, गली, डली, रोग, रोड. ‘बुलढाणा’मधून ढाल निघते आणि तीच उलटी केली की लढा.

इथली रीत अशी. प्रत्येक अक्षर चिठ्ठीवर लिहा. एक चिठ्ठी पहिल्या जागी ठेवून बाकीच्या एकेक करून तिच्यापुढं सरकवा, आधी दोन अक्षरी संपवा, मगच तीन अक्षरींकडे जा. काना-मात्रा चिठ्ठीवरून सुटत नाहीत, हे मुलांना आधीच सांगा. ‘रो’पासून ‘र’ काढून ‘गर’ केलं तर बहुतेक परीक्षक ते धरत नाहीत.

सरावाला पाच

१. तीन घरं, मधलं ‘णा’, बुलढाणा जिल्ह्यातलं खाऱ्या पाण्याचं सरोवर.
२. पाच घरं, तिसरं ‘ल’, मेळघाटातलं थंड हवेचं ठिकाण.
३. चार घरं, शेवटचं ‘ता’, वर्धा आणि वैनगंगा एकत्र आल्यावरची नदी.
४. तीन घरं, शेवटचं ‘बा’, चंद्रपूर जिल्ह्यातलं वाघांचं जंगल.
५. तीन घरं, शेवटचं ‘णी’, धानाच्या बांधीत चिखलात उभं राहून करायचं काम.

उत्तरं: लोणार, चिखलदरा, प्राणहिता, ताडोबा, रोवणी. पाचव्याला ‘लावणी’ लिहिलं असेल तर तेही बरोबर धरा. तीन घरं, शेवटी ‘णी’, दोन्ही बसतात. पहिल्या घरातून जाणारा उभा शब्द ठरवेल.